साडेआठचा लेट नाइट शो: सोलापुरात गप्पांचा प्रयोग लावताना

सोलापुरात तिकीट लावून गप्पांचा शो करतेय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "पाहुणे कोण?" पाहुणे मिळतात हो. वेळ लागतो तो कागदांना. २०२४ च्या जुलैत डोक्यात आलेली कल्पना २१ डिसेंबरच्या रात्री एकदाची रंगमंचावर आली, आणि मधल्या काळात मी विनोद लिहिले त्याहून जास्त झेरॉक्स काढल्या. आपल्या गावात असं काही करायची कुणाला हुक्की आली असेल, तर त्यांच्यासाठी घडलं तसं लिहून ठेवतेय. खर्चही लिहितेय, कारण मला तो कुणीच नीट सांगितला नव्हता.

मी दिवसा टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघते. स्टेजचा अनुभव म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन आणि कंपनीचा वार्षिक स्नेहमेळावा. पण रात्री ओटा आवरून झाला की मोबाइलवर अमेरिकेतल्या लेट नाइट शोचे तुकडे बघत बसायचा नाद मला बरीच वर्षं आहे. तो प्रकार तिकडे जुना. एनबीसी या तिकडच्या वाहिनीवर 'द टुनाइट शो' सुरू झाला २७ सप्टेंबर १९५४ ला, स्टीव्ह ॲलन सूत्रधार होता. पुढे जॉनी कार्सननं १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं तो चालवला आणि साचा पक्का झाला: सुरुवातीला उभ्यानं दिवसभराच्या बातम्यांवर टोलेबाजी, मग टेबलामागं बसून एखादा खेळ, मग सोफ्यावर पाहुणे, बाजूला वाद्यवृंद. आपल्याकडे १९९७ मध्ये सोनीवर शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' आला तो याच वळणाचा. मराठीत 'चला हवा येऊ द्या'नं २०१४ पासून पाहुण्यांना समोर बसवून हसवलं, पण तिथं खरी बाजू प्रहसनाची. पाहुणा बहुधा नव्या सिनेमाची जाहिरात करायला आलेला आणि त्याचं काम हसण्याचं.

मला उलट हवं होतं. पाहुणा असा, ज्याला काही विकायचं नाही. आणि तो सोलापूरचा.

जुलैच्या शेवटी नाट्यगृहाची चौकशी केली. कुठलं ते लिहीत नाही. जिथं जाल तिथं नियम थोडेफार बदलतात. मला सांगितलं गेलं ते असं: तारखेसाठी लेखी अर्ज, भाडं आगाऊ, अनामत वेगळी, आणि तिकीट लावणार असाल तर संहितेचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात रंगमंचावर तिकीट लावून जे काही सादर होतं त्याची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. नाटकाच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात प्रमाणपत्राचा क्रमांक असतो ना, तो हाच. मी आयुष्यभर तो वाचला आणि कधी विचार केला नाही की तो कुणीतरी मिळवलेला असतो.

आता गप्पांच्या शोची संहिता कशी द्यायची? पाहुणा काय बोलणार हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी सुरुवातीचं निवेदन, प्रश्नांची यादी आणि 'पाहुणे उत्स्फूर्त उत्तरे देतील' असं एक वाक्य, एवढं टाइप करून फी भरून पाठवलं. वीसेक दिवसांनी निरोप आला की नुसते मुद्दे चालणार नाहीत, पूर्ण संहिता हवी. पाहुण्यांच्या संवादासकट.

तेव्हा चिडचिड झाली खरी. पण त्या एका मागणीमुळंच हा शो उभा राहिला असं मी आज म्हणेन. कारण संवाद लिहायचे तर पाहुण्यांशी आधी बसून बोलणं आलं. सविस्तर, टेप लावून.

हे काम अमेरिकेत रोज चालतं. पाहुणा स्टुडिओत यायच्या आधी शोमधला एक माणूस त्याला फोन करतो, अर्धा-पाऊण तास बोलतो, त्यातले रंगतील असे दोन-तीन किस्से निवडतो आणि सूत्रधाराच्या हातातल्या कार्डांवर उतरवून देतो. म्हणून तिकडचा सूत्रधार "तुम्ही म्हणे मध्यंतरी बोट घेतली?" असं सहज विचारतो आणि पाहुणा सहज सुरू होतो. त्या 'सहज'च्या मागं कुणाचा तरी अख्खा दिवस गेलेला असतो. हे मला सविस्तर सांगितलं ते मुंबईत टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमांसाठी वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी. त्यांनाच मी तिसरा पाहुणा म्हणून बोलावलं. त्यांनी सांगितलेलं एक सूत्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: उत्तर तुला माहीत आहे, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं की किस्सा मेला.

पहिले पाहुणे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते. दुसरे अण्णा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणण्यात उमर गेलेले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. दोघांच्या घरी ऑगस्टच्या शेवटी रविवारी गेले. मास्तरांनी पहिल्यांदा मला शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगतात तसे विनोद सांगितले. पाठ केलेले, तीन जावई एका गाडीत बसले वगैरे. मी हसले, चहा घेतला आणि विचारलं, "मास्तर, सुट्ट्या पैशांचं तुम्ही काय करायचात?" झालं. पुढचा तासभर माणूस पेटला. वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट देणारा, तिकिटाच्या मागं बाकी लिहून घेणारा, उतरताना ते विसरणारा, आणि सहा महिन्यांनी वेगळ्याच गाडीत ते तिकीट पुढं करणारा. यातलं एकही वाक्य त्यांनी हसवायला सांगितलं नव्हतं. ते रागावले होते. मी मात्र पोट धरून हसत होते.

पाहुण्याला विनोद करायला सांगायचं नाही. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारायचं आणि तो गंभीर झाला की गप्प बसायचं. टीव्हीवर नट-नट्या हसून हसून किस्से सांगतात आणि आपण कोरडे राहतो, त्याचं कारण मला तरी यातच सापडलं. ते आधीच हसलेले असतात.

अण्णांकडे वेगळाच प्रश्न होता. ते ओरडून बोलतात. मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढली की घरातही माणूस पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असंच बोलतो. टेपवरचा आवाज फाटला होता. ते उतरवून घ्यायला मला चार रात्री लागल्या, पण त्यातून जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेचं, जे ऐकायला मिळालं ते मी सोलापुरात जन्मून ऐकलं नव्हतं: नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग त्या हिशेबानं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि कुठला धागा वर उचलायचा ते त्या भोकांवरून माग ठरवणार. "एक भोक चुकलं की मोराला दोन शेपट्या," अण्णा म्हणाले. हे वाक्य मी संहितेत जसंच्या तसं घातलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण संहिता परत पाठवली. सोबत एक पत्र जोडलं की पाहुणे याच आशयाचं आपल्या शब्दांत बोलतील. प्रमाणपत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हातात आलं. त्याच्या प्रती आधीच काढून ठेवा. नाट्यगृहाला एक, पोलिसांना एक, आणि प्रयोगाच्या रात्री दारावर एक लागतेच.

नाट्यगृहात ९ नोव्हेंबरची तारीख मिळाली होती. भाडं १४,००० आणि अनामत १०,००० भरून मोकळी झाले. आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबर, मोजणी २३ ला. थोड्याच दिवसांत कळलं की माझी तारीख निवडणुकीच्या कामाला गेली. पैसे परत घ्या नाहीतर दुसरी तारीख घ्या. भाडं नव्या तारखेला वळतं करून मिळालं, पण अर्ज नव्यानं करावा लागला. मग १४ डिसेंबर शनिवार मोकळा दिसला. मी फॉर्म भरायला घेतला तर खिडकीमागच्या काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "ताई, त्या दिवशी दत्तजयंती आहे. अर्धं सोलापूर अक्कलकोटला आणि उरलेलं गाणगापूरला असतंय." मी २१ तारीख घेतली. तुमच्या गावातही खिडकीमागं असे एक काका असतीलच. त्यांच्याशी बोला.

पोलीस ठाण्यातला अर्ज सोपा होता: कार्यक्रम, वेळ, अंदाजे गर्दी, आयोजकाचं नाव, प्रमाणपत्राची प्रत. पाहुण्यांच्या नावांपुढं 'व्यवसाय' असा रकाना मी स्वतःच घातला होता. ठाण्यातल्या साहेबांनी यादी वाचली, कंडक्टर, यंत्रमाग कामगार, लेखक, आणि मान वर करून विचारलं, "मग कार्यक्रम कोण करणार?" मी म्हटलं, हेच. ते थोडा वेळ बघत राहिले आणि सही केली.

वेळेबद्दल बऱ्याच जणांचा घोळ असतो, म्हणून सांगते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापरायला सूट आहे. तेव्हा कायद्यानं मला अकरापर्यंत चालवता आलं असतं. मी साडेआठ ते सव्वादहा धरलं, कारण नव्या पेठेतली दुकानं बंद करून माणसं आली पाहिजेत आणि परतताना रिक्षाही मिळाली पाहिजे. मैत्रिणी चिडवत होत्या, साडेआठला कसला गं लेट नाइट? त्यांना सांगितलं की कार्सनचा शो लोक रात्री साडेअकराला बघायचे, पण त्याचं चित्रीकरण संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास उरकलेलं असायचं. आपण निदान अंधार पडल्यावर करतोय.

तिकीट १५० रुपये. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, त्याच्यावर गेलात की १८ टक्के. छोट्या शहरात हा प्रश्न यायचा नाही, पण माहीत असावं.

संगीताचं थोडं वेगळं झालं. सिनेमातली गाणी वाजवायची तर हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने घ्यावे लागतात, मग ती ध्वनिमुद्रित असोत की मंचावर कुणी वाजवणार असो. आमच्या गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "अक्का, हलगी घे की बे सरळ." बे आणि अक्का एका वाक्यात बसवणं सोलापुरातच शक्य आहे. हलगी घेतली. जोडीला एक पेटीवाले, त्यांनी स्वतःच्या दोन चाली बसवल्या. अमेरिकन शोमध्ये विनोद संपला की ड्रमवाला एक ठोका देतो, तिथं हलगीची थाप. आणि पडलेल्या विनोदावर तर हलगी जे काही करते त्याला तोड नाही. हे तसं आपल्याकडचंच आहे म्हणा. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्याच्या प्रत्येक टोल्यामागं ढोलकी उभी असते, आणि मुख्य माणसाची फजिती करणारा जोडीदारही तिथं आधीपासून आहे.

फर्निचरनं घाम काढला. टेबल मिळालं एका वकिलांच्या जुन्या ऑफिसातलं. सोफा म्हणून मंडपवाल्याकडे एकच माल: लग्नातले ते सोनेरी, सिंहाच्या पायांचे. त्यावर मास्तर बसले असते तर लोकांनी आहेर आणला असता. शेवटी एका लॉजच्या मालकांनी वेटिंगरूममधला साधा तपकिरी सोफा दिला, टेंपोभाड्यावर. मागं पडदा म्हणून सोलापुरी चादर लावायची असं आधीपासून ठरलं होतं. चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, पाहुणा चादरीतला, गाव चादरीचं. बाजारातून एक मोठी, लाल-काळी घेतली.

निवेदन नाही म्हणता म्हणता दहा-बारा पानं झालं होतं. दादांनी फोनवर ऐकून अर्ध्याहून जास्त छाटलं. विमानतळाच्या चिमणीवरचा भाग मी स्वतःच काढला. विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची ती चिमणी पाडली गेली तेव्हापासून या गावात त्यावर प्रत्येकाचं ठाम मत आहे, आणि ठाम मत असलेल्या माणसाला हसवता येत नाही. पाण्याचं मात्र ठेवलं. डेव्हिड लेटरमननं १९८५ पासून आपल्या शोमध्ये दहा गोष्टींची उलटी यादी वाचायची प्रथा पाडली होती. मी 'नळाला पाणी येणार हे कसं ओळखावं' अशी यादी केली. शेजारीण अचानक पहाटे आपल्याशी गोड बोलायला लागते. ऑफिसातले तिघं एकदम अर्धी रजा टाकतात. नवरा न सांगता पिंप घासतो. जिथं चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं यापुढं काही लिहायलाच लागत नाही, लोक स्वतः ओरडून यादी पुढं नेतात.

एक अडचण मला कुणी आधी सांगितली नव्हती: सत्कार. आपल्याकडे मंचावर पाहुणा आला की शाल, नारळ, दीपप्रज्वलन आणि दोन शब्द. नोव्हेंबरच्या शेवटी फोन सुरू झाले. अमुक साहेब येतायत, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा, पाच मिनिटं बोलतील. एका पाहुण्याच्या नातेवाइकांनी तर टॉवेलचे बुके आधीच करून ठेवले होते. नाही म्हणणं अवघड जातं. ही माणसं प्रेमानं म्हणतात. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, प्रमाणपत्र ज्या संहितेला मिळालंय तिच्यात सत्कार नाही. कागद असा कामी येतो. बुके मध्यंतरात बाहेर दिले.

रात्र आली. पडदा वर गेला तो आठ पन्नासला, कारण साडेआठला निम्मी माणसं पार्किंगमध्ये होती. निवेदनात पहिली दोन मिनिटं थंड गेली, पाण्यावर सभागृह उघडलं, हलगीवाल्यानं एका पडलेल्या वाक्यावर अशी थाप दिली की मलाच हसू आवरेना. सहा-सात मिनिटांत मी टेबलामागं जाऊन बसले.

मास्तर आले ते थेट सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला बसले. सुट्ट्या पैशांचा प्रश्न विचारला आणि मी वही बंद केली. घरी सांगितलं होतं त्याहून चिडून सांगत होते. तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायच्या प्रकारावर ते आले, आणि मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. पाकिटातून एक जुनं, मऊ झालेलं तिकीट काढून म्हणाले, "मास्तर, बार्शी गाडी. अठरा रुपये राहिलेत. अक्षर तुमचंच आहे का बघा." हे ठरवलेलं नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. सभागृह कोसळलं. मास्तर मात्र हसले नाहीत. उभे राहिले, चष्मा लावला, तिकीट मागवून घेतलं, उजेडाकडे धरून वाचलं, खिशातून वीसची नोट काढली आणि त्या माणसाला विचारलं, "दोन रुपये सुट्टे आहेत का?"

पुढचं मला नीट आठवत नाही. हलगी वाजत होती, लोक उभे होते, आणि मी टेबलावर डोकं टेकलं होतं. संहितेत तिथं माझं पुढचं वाक्य होतं, 'वा, छान आठवण सांगितलीत.' ते म्हटलं नाही.

जुन्या टुनाइट शोमध्ये एक पद्धत होती. पहिल्या पाहुण्याचं झालं की तो उठून जात नसे, सोफ्यावर पलीकडे सरकायचा आणि नवीन पाहुण्याच्या गप्पांत भाग घ्यायचा. नवख्या विनोदवीरानं आपला भाग सादर केल्यावर कार्सननं त्याला सोफ्यावर बोलावलं तर त्याचं नशीब उघडलं असं समजायचे. आजकाल पाहुणे आपापला वेळ संपवून जातात. मला ती जुनी पद्धत हवी होती. मास्तरांना पलीकडे सरकायला सांगितलं, ते म्हणाले, "मी दाराजवळच बसतो, सवय आहे." म्हणून अण्णांना आत जावं लागलं. मास्तरांनी त्यांना हात करून "आत सरका, पुढं जागा आहे" म्हटलं तेव्हा सभागृह परत एकदा कोसळलं.

अण्णांपुढं माइक धरला, त्यांनी तो हातानं बाजूला सारला. गरज नव्हतीच. जॅकार्डची भोकं, दोन शेपट्यांचा मोर, सगळं झालं. तिसऱ्या रांगेतून त्यांच्या पत्नी तेलुगूत काहीतरी ओरडल्या, अर्धं सभागृह हसलं, आणि अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "हळू बोला म्हणतीय. घरीपण हेच." मग त्यांची नजर मागच्या चादरीवर गेली. ते बोलता बोलता उठले, चादरीचं टोक उलटून बघितलं, अंगठा फिरवला, पुढचं टोक बघितलं. मला वाटलं, आता हा बाहेरचा माल निघतो की काय. "आपलीच आहे," ते म्हणाले. मी श्वास सोडला. "पण इथं धागा तुटून जोडलाय. रात्रपाळीचा माल आहे." एवढ्यात मास्तर दाराकडच्या टोकावरून म्हणाले, "मग लेट नाइटला बरोबर आहे की."

दोघांची पंधरा-वीस मिनिटं जुगलबंदी चालली. मी मधे फार तर चार वाक्यं बोलले असेन.

दादांना वेळ कमी मिळाला, आणि त्यांना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायची होती. त्यांनी स्टुडिओतल्या गमती सांगितल्या, चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना हसवून गरम करणारा माणूस, टाळ्यांची खूण, एकच हशा तीनदा घेणं. चांगलं बोलले, लोक हसलेही. पण त्या दोघांच्या पाठोपाठ बसवलेला, घासूनपुसून आणलेला किस्सा जरा फिका पडतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनाही ते तिथंच जाणवलं होतं. पुढच्या वेळी व्यावसायिक पाहुणा पहिला आणि बाकीचे नंतर. स्टेशनपर्यंत सोडायला माझा भाऊ गेला. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी घेऊन दादा गाडीत बसले.

हिशेब. भाडं १४,०००, ध्वनी आणि प्रकाश ११,०००, टेबल-सोफा-चादर-टेंपो ४,५००, छपाई ३,८००, हलगी आणि पेटी ६,०००, दादांचं येणं-जाणं आणि लॉज ५,२००, मास्तर आणि अण्णांचं मानधन मिळून ४,०००, दोन कॅमेरे ७,०००, आणि फी, झेरॉक्स, चहा वगैरे किरकोळ ३,०००. एकूण ५८,५००. तिकिटं ३४० गेली, ५१,००० आले. साडेसात हजार खिशातून. कंपनीतल्या लोकांनी फुकट पास मागितले नसते तर थोडे कमी गेले असते. मानधन पाकिटात घालून प्रयोगाआधीच द्या. नंतर देताना पाहुणे संकोचतात आणि घेत नाहीत.

कॅमेरे लावणार असाल तर पाहुण्यांची लेखी संमती आधी घ्या. माझ्याकडे तिघांची होती, पण सगळ्यात गाजलेला तुकडा ज्यांचा, त्या तिकीटवाल्या गृहस्थांची कुठं असणार? त्यांना शोधायला मास्तरच उपयोगी पडले. बार्शी स्टँडवर निरोप ठेवला, चार दिवसांत फोन आला. संमतीपत्रावर सही करताना त्यांनी तारखेखाली 'बाकी मिळाली' असंही लिहिलं.

अनामत फेब्रुवारीत परत आली, सफाईचे पाचशे कापून. पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय काही होत नाही.

पाहुणे बदलले की संहिता बदलते आणि प्रमाणपत्र पुन्हा, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगाचं काम परत टेप ऐकण्यापासून सुरू झालंय. या वेळी विडी वळणाऱ्या एक अक्का आहेत आणि कंबर तलावावर पक्षी मोजणारे एक निवृत्त शिक्षक. मास्तर कायमचे सोफ्यावर असतील असं ठरलं. मानधनावर त्यांनी घासाघीस केली नाही. अट एकच, जागा दाराजवळची.